घर एका पक्षाचं, मैत्रिणी दुसऱ्या पक्षाच्या. माझं मत कुणाला?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू यावल तालुक्यातली, वय २६, नाशिकला नर्स. तीन वर्षांपासून जोडीदारणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहतेस. घरी केळीची बाग आहे आणि आजोबांपासून घरातली सगळी मतं एकाच पक्षाला जातात. नाशिकच्या मैत्रिणी म्हणतात, त्या पक्षाला मत देणं म्हणजे स्वतःच्याच लोकांशी बेइमानी. १३ मे २०२४ ला रावेर मतदारसंघात तू यंत्रासमोर उभी राहिलीस, हात अडला आणि ‘नोटा’ दाबून बाहेर आलीस. आता विचारतेस की पुढच्या लोकसभेला लेस्बियन म्हणून मत कसं ठरवायचं, आणि वेगळं मत दिलं तर घरी कळेल का.

वयाने तू माझ्या भाचीएवढी, म्हणून ‘तू’ म्हणते आहे. मी जळगावात एकोणीस वर्षं समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्यांत गे मुलगे, लेस्बियन मुली, लग्न झालेले आणि आतून घुसमटलेले पुरुष, चाळिशीतल्या बायका, सगळे असतात. मी स्वतः लेस्बियन आहे. दर निवडणुकीच्या आधी महिनाभर हा प्रश्न माझ्या खोलीत येतो. मी कुणाला मत देते ते मात्र इथे सांगणार नाही. तू माझ्या शब्दाला वजन देशील, पण बटण दाबल्यानंतरचं आयुष्य तुला तुझं जगायचं आहे.

तुझी खरी अडचण मला थोडी वेगळी दिसते. शेतकऱ्याची मुलगी आणि लेस्बियन बाई यांतली एकच कुणीतरी मतदान केंद्रात जाऊ शकते, असं तू धरून चालली आहेस. म्हणून एका मतातून सगळं मागायला निघालीस आणि शेवटी कुणालाच काही न मागता परत आलीस. आधी आपल्याला काय हवं आहे आणि ते कुणाच्या हातात आहे, हे सुटं करू. पक्षाची निवड त्यानंतर.

माझ्याकडे आलेल्यांना मी एक कोरा कागद देते. गेल्या दोन वर्षांत तुझ्या नात्यामुळे कुठे कुठे अडलं ते लिही, म्हणते. साधारण अशा गोष्टी येतात: घरमालकाने खोली दिली नाही, आईने बोलणं टाकलं, दवाखान्यात सही चालली नाही, नोकरीच्या कागदांवर वारस म्हणून जोडीदारणीचं नाव लावता येईना. मुलींच्या कागदावर एक गोष्ट मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसते. मुलगी सज्ञान असूनही घरचे ‘बेपत्ता’ म्हणून तक्रार देतात, पोलीस तिला शोधून आणतात आणि बापाच्या हवाली करतात. माझा सगळ्यात जास्त वेळ याच प्रकरणांत जातो.

आता हा कागद लोकसभेच्या निवडणुकीच्या नजरेतून वाच. पोलीस राज्य सरकारचे. जिल्हा रुग्णालय राज्याचं. ठाणेदार तुझ्याशी कसा वागतो, हे विधानसभेला विचारायचं. आईचं बोलणं कुठल्याच सभागृहात मंजूर होत नाही, त्याला वेळ लागतो आणि माणसं लागतात. लोकसभेच्या वाट्याला लग्न, दत्तक, सरोगसी, केंद्राची पेन्शन, विमा, करातली सवलत हे येतं. लग्नाचा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यालाही त्यावर कायदा करता येतो, पण १९५४ चा विशेष विवाह कायदा संसदेचा आहे आणि आपली मागणी मुख्यतः त्याच्याभोवतीच फिरते.

इथे काळाचा फरक लक्षात घे. २०१४ च्या निवडणुकीत आमच्या मनात एकच गोष्ट होती, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला आपल्याला गुन्हेगारीतून सोडवलं आणि ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आत ढकललं. ती बातमी आली त्या संध्याकाळी माझ्या खोलीत अकरा जण बसले होते आणि कुणी एक शब्द बोलत नव्हतं. पुढे १८ डिसेंबर २०१५ ला काँग्रेसचे खासदार शशी थरूर यांनी ते कलम बदलण्याचं खासगी विधेयक (सरकारने नव्हे, एका खासदाराने आणलेलं) लोकसभेत आणलं, तर ते मांडूही दिलं नाही. ७१ विरुद्ध २४. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला न्यायालयानेच ते काम केलं. त्यामुळे आपल्यातल्या पुष्कळांना वाटायला लागलं की मतदानाने काय होतं, जे मिळेल ते कोर्टातून मिळेल.

१७ ऑक्टोबर २०२३ नंतर तसं म्हणता येत नाही. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, आणि समलिंगी जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता द्यायची की नाही हे कायदेमंडळाने ठरवावं. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे तुझ्या नात्याला कागदावर जागा द्यायची असेल तर ती आता संसद देणार. तुझ्या आधीच्या पिढीच्या मताला हे वजन नव्हतं, तुझ्या मताला आहे.

पण तुला आज लग्नाचा कागद हवा आहे का? हे तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि कुणी परस्पर गृहीत धरू नये. गावात राहणाऱ्या, घरी काहीच न सांगितलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला लग्नाच्या कायद्यापेक्षा जिल्ह्याबाहेरची नोकरी हवी असते. त्याने रोजगारावर मत दिलं तर ते मला पूर्ण पटतं, कारण त्याची सुटका पगारातून होणार आहे. ज्या दोघींनी मिळून घरासाठी कर्ज काढलंय त्यांना वारसाहक्क टोचतो. नंदुरबारकडच्या एका पावरा आदिवासी मुलीला मी हेच विचारलं, तेव्हा तिने वनहक्काच्या दाव्याची गोष्ट सुरू केली. तिच्या घराची जमीन राहिली नाही तर तिला परत जायला जागाच नाही. तिचं मत त्या दाव्यावर ठरलं आणि ते लेस्बियन बाईचंच मत होतं.

माझं स्वतःचं पारडं २०१६ ला बदललं. माझ्या जोडीदारणीचं ऑपरेशन एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात होतं. संमतीपत्रावर नातं काय लिहायचं, असं विचारलं. मी ‘मैत्रीण’ लिहिलं. सही चालणार नाही म्हणाले. तिचा भाऊ अमळनेरहून निघून पोचेपर्यंत ती स्ट्रेचरवर तशीच पडून होती आणि मी हातात तिच्या बांगड्या घेऊन बाकावर बसले होते. तोवर मी पक्षांकडे फक्त ३७७ च्या चष्म्यातून बघत होते. त्या दिवसापासून विचारायला लागले की आमच्या दोघींमधलं नातं कागदावर आणायला कोण काय करतंय.

आता पक्षांकडे येऊ. मी सगळ्यांना सांगते की जाहीरनामा वाच, पण त्याआधी सत्ता हातात असताना किंवा सभागृहात उभं राहायची वेळ आली तेव्हा काय केलं ते बघ. तसं बघितलं की कुठलाच पक्ष पूर्ण पांढरा किंवा पूर्ण काळा दिसत नाही.

भाजप सरकारने २०१८ ला ३७७ चा निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोडला, विरोध केला नाही. २०२३ ला मात्र लग्नाच्या खटल्यात शपथपत्र देऊन ठाम विरोध केला. भारतीय कुटुंबाच्या कल्पनेत हे बसत नाही असं म्हटलं, आणि ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे असंही म्हटलं. ते वाचून मला राग आला होता, कारण माझ्यासमोर रोज बसणारी माणसं भडगाव, साक्री आणि शहाद्याची असतात. २०२४ च्या त्यांच्या संकल्पपत्रात तृतीयपंथीयांसाठी गरिमा गृहं (निवारे) आणि आयुष्मान भारतचं संरक्षण होतं, समलिंगी जोडप्यांच्या नात्याला मान्यता नव्हती. त्याच सरकारच्या काळात ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदार एकत्र बँक खातं उघडू शकतात आणि एकमेकांना नॉमिनी लावू शकतात. रेशनकार्डासाठीही अशा जोडीदारांना एका कुटुंबातलं धरायची सूचना राज्यांना गेली. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही याच काळातला. लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव नको असं त्यात लिहिलं आहे, आणि मानसिक उपचारांसाठी आपला प्रतिनिधी आपण स्वतः नेमू शकतो. दवाखान्यातल्या त्या बाकावर बसलेल्या मला हे लहान वाटत नाही.

काँग्रेसचं पाहा. २००९ च्या खटल्यात त्यांच्याच सरकारचं गृह मंत्रालय ३७७ ठेवा म्हणत होतं, आणि आरोग्य खात्याची एड्स नियंत्रण संघटना ते काढा म्हणत होती. २०१३ च्या निकालानंतर त्याच सरकारने पुनर्विचार याचिका केली. २०२४ च्या जाहीरनाम्यात व्यापक सल्लामसलतीनंतर समलिंगी जोडप्यांच्या नागरी बंधनाला (लग्न न म्हणता दिलेल्या कायदेशीर नात्याला) मान्यता देणारा कायदा आणू असं लिहिलं. पण २०२३ ला केंद्राने राज्यांची मतं मागवली, तेव्हा विरोध करणाऱ्या तीन राज्यांत आसाम आणि आंध्र प्रदेशच्या जोडीला काँग्रेसचं राजस्थानही होतं. महाराष्ट्राने तेव्हा आणखी वेळ मागितला होता.

राष्ट्रवादी एकसंध होती तेव्हा २०२० ला पक्षात वेगळा एलजीबीटी सेल सुरू झाला, आणि १ एप्रिल २०२२ ला सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात बदल करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. मार्क्सवादी पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात सगळ्यात तपशीलवार वचन होतं, वारसा आणि अवलंबितापर्यंतचं, पण आपल्या भागात त्यांना मत द्यायची संधी क्वचितच येते. वंचित बहुजन आघाडीने २०१९ ला तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रवक्त्या केलं आणि २०२४ च्या विधानसभेला तुमच्याच तालुक्यातल्या फैजपूरच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या शमिभा पाटील यांना रावेरमधून उभं केलं.

यात दोन गोष्टी समजून घे. एक, खासगी विधेयकाने कायदा होईल अशी आशा धरू नकोस. स्वातंत्र्यापासून अशी चौदाच विधेयकं संमत झाली, शेवटचं १९७० मध्ये. ते मांडणाऱ्याची भूमिका कळते, एवढाच त्याचा उपयोग. दुसरी, सरकारी विधेयकावर खासदार पक्षाच्या व्हिपने, म्हणजे आदेशाने, मत देतो, नाहीतर पक्षांतरबंदीत सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणून कायदा हवा असेल तर पक्ष बघ. उमेदवार कितीही भला असो, त्या दिवशी त्याचा हात पक्ष सांगेल तिकडे जाणार. आणि माणुसकीची मदत हवी असेल, म्हणजे ठाण्यात फोन, दवाखान्यात शब्द, तर उमेदवार बघ. तिथे पक्षाचा रंग फारसा उपयोगी पडत नाही. अडलेल्या मुलींसाठी मला सगळ्यात पटकन मदत ज्या कार्यकर्त्यांनी केली, त्यांच्यातल्या दोघांचे पक्ष आपल्या लग्नाच्या विरोधात आहेत.

तृतीयपंथी आणि समलिंगी हे दोन विषयही वेगळे ठेव. पक्ष पहिला शब्द उच्चारतात आणि दोन्ही झालं असं समजतात. त्याचं एक कारण मतदारयादीत आहे. २०२४ ला तृतीयपंथी म्हणून ४८,०४४ मतदारांची नोंद होती. संख्या लहान असली तरी ती मोजता येते. तुझी आणि माझी नोंद फक्त ‘स्त्री’ अशी आहे. कुठल्याही पक्षाच्या तालुकाध्यक्षाला गावागावातलं जातनिहाय गणित तोंडपाठ असतं, पण त्याच्या हिशेबात आपला रकानाच नाही. म्हणून त्यांना विचारत राहणं हे आपल्याकडे मताइतकंच मोठं काम आहे.

ते स्वतःची ओळख न उघडता करता येतं. २०१९ ला आम्ही चार बायका जळगावातल्या प्रचार कार्यालयांत गेलो. एकट्या राहणाऱ्या बायकांचे प्रश्न म्हणून विचारलं: नवरा किंवा बाप नसेल तर दवाखान्यात सही कुणाची? सज्ञान मुलगी स्वखुशीने घर सोडून गेली तर पोलिसांनी तिला परत आणावं का? दोन मैत्रिणी एकत्र घर घेतात, एकीच्या पश्चात दुसरीला कुणी बाहेर काढू नये म्हणून तुम्ही काय कराल? एका ठिकाणी ‘असले प्रश्न आपल्याकडे नसतात’ म्हणून आम्हाला उठवलं. दुसऱ्या ठिकाणी एका वयस्कर वकिलांनी तिन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले आणि आठवड्याने फोन करून मृत्युपत्र कसं करायचं ते समजावलं. पक्षाच्या पत्रकात हा फरक आम्हाला दिसला नसता.

आता बागेचा प्रश्न. मैत्रिणी म्हणतात ती बेइमानी मला मान्य नाही. केळीचा पीकविमा, रावेर-सावद्याहून दिल्लीकडे जाणारी रेल्वे, निर्यातीचं धोरण, या सगळ्यात केंद्राचा खरोखर हात आहे आणि तुझ्या घरची चूल त्यावर पेटते. मे महिन्यातल्या एका वादळात घड लागलेली बाग आडवी होते, हे नाशिकच्या मैत्रिणींनी पाहिलेलं नाही. विमा मिळाला नाही तर वडिलांचं कर्ज तुझ्याच पगारातून फिटणार. त्यामुळे तू केळीवर मत दिलंस तर तुझं नातं विकलं असं मी कधीच म्हणणार नाही. मात्र ‘आजोबांपासून’ हे कारण पुरेसं नाही. ज्या पक्षाला घर मत देतं त्याने केळीसाठी खरंच काय केलं, हे वडिलांनाच विचार. निवडणुकीच्या वर्षात नाही, आत्ता विचार. माझा अनुभव असा की शेतकरी या प्रश्नाचं उत्तर फार प्रामाणिकपणे देतात, आणि कधीकधी त्यातूनच घरातलं मत हलतं.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर: कागदावरच्या तुझ्या गरजांतल्या संसदेच्या हातातल्या वेगळ्या काढ. त्यांतल्या पाच वर्षांत तुला प्रत्यक्ष लागणाऱ्या एकदोन ठेव. त्या मुद्द्यांवर प्रत्येक पक्षाने सत्तेत किंवा सभागृहात काय केलं ते बघ. जोडीला घरच्या पोटापाण्याचा एक मुद्दा ठेव. दोन्हीचं उत्तर एकाच पक्षाकडे आलं तर प्रश्न मिटला. वेगळं आलं तर कुठलं थांबू शकतं आणि कुठलं नाही, ते बघून ठरव. तू नाशिकला राहतेस, कमावतेस, जोडीदारीण सोबत आहे. माझ्या अंदाजाने तुझ्या बाबतीत नात्याच्या कागदाचं पारडं जड भरेल. पण वडिलांवर कर्ज किती आहे हे मला माहीत नाही आणि तुला आहे.

‘नोटा’बद्दल एवढंच की लोकसभेला त्याला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. राग नोंदवायला ते ठीक आहे. पण २०२४ ला शेजारच्या धुळ्यात लाखो मतांमधून निकाल ३,८३१ च्या फरकाने लागला, हे लक्षात ठेव.

आता तुझी भीती, घरी कळेल का. मतदान केंद्रातल्या नोंदवहीत तुझी सही असते, कुठलं बटण दाबलं ते नसतं. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, बाहेर येत नाही. कुणाला मत दिलं हे सांगायला तुला कोर्टही भाग पाडू शकत नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ तेच सांगतं. गावाला कळतं ते एवढंच की आपल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, कारण मोजणी केंद्रनिहाय होते. हजार-बाराशे मतांत एक मत इकडचं तिकडे झालं तर ते तुझं, हे कुणी ओळखू शकत नाही. तुझे काका पोलिंग एजंट असले तर तू येऊन गेलीस एवढीच खूण ते यादीत करतील. अमळनेरची एक मुलगी हेच ऐकून मला म्हणाली होती, ‘ताई, मत ते मन्हं शे ना?’ (मत तर माझं आहे ना?) तिच्या घरात तिच्या नावावर तेवढीच एक गोष्ट होती.

नाव नाशिकला हलवायचं असेल तर फॉर्म ८ भरावा लागतो, नोंदणीकृत भाडेकराराचा पुरावा चालतो. एका पत्त्यावर दोघींची नावं आली तरी यादीत नात्याचा उल्लेख येत नाही, त्यामुळे तिथे काही उघड होत नाही. पण गावच्या यादीतून तुझं नाव निघेल आणि पुढच्या वेळी घरी मतदार चिठ्ठ्या वाटायला येतील तेव्हा तुझी चिठ्ठी नसेल. तो प्रश्न वडील विचारतीलच. उत्तर आधी तयार ठेव, ‘ड्युटीमुळे सुट्टी मिळत नाही’ हे खरंही आहे. आणि गावातच मत द्यायचं ठरवलंस तर सकाळी सातला जा. ऊन चढल्यावर सगळं घर एकत्र निघतं, तेव्हा रांगेत ‘कुणाला देते गं?’ हे मागून कानावर येतं. सातच्या रांगेत बहुतेक म्हातारी माणसं असतात, ती काही विचारत नाहीत.